भाजलेल्या मासळीचा टाको : आरंभ मक्याच्या दाण्यापासून

टाको हा मेक्सिकोतील नित्याच्या आहारातला पदार्थ. मक्याची लहान, पातळ पोळी म्हणजे टॉर्टिया, तिच्यात मांस, मासळी किंवा घेवड्याचे सारण, वर चिरलेली भाजी, मिरचीची चटणी आणि लिंबाचा रस, एवढाच त्याचा संसार. बाहा कॅलिफोर्नियातील एन्सेनादा हे बंदर तळलेल्या मासळीच्या टाकोसाठी प्रसिद्ध आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील नायारित राज्यात मात्र मासा उभा चिरून पसरतात, त्याला मिरचीचे वाटण लावतात, लोखंडी जाळीत धरून निखाऱ्यांवर भाजतात आणि टॉर्टियाबरोबर खातात. हा पदार्थ घरी करता येतो. परंतु त्याचे यश माशाइतकेच मक्याच्या निवडीवर आणि प्रक्रियेवर अवलंबून असते.

चुन्याचे कार्य

मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटतात. या शिजवलेल्या मक्यास ‘निश्तामाल’ म्हणतात. नाहुआत्ल भाषेतील राख आणि मळलेले पीठ या अर्थांच्या शब्दांपासून हे नाव बनले आहे. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि कॅल्शियमची भर पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मक्यात बद्ध स्वरूपात असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते. युरोपने मका स्वीकारला, पण ही प्रक्रिया स्वीकारली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या इटली व स्पेनमधील गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा रोग पसरला.

दाण्याची निवड

कणसात शिरणाऱ्या अळ्यांनी केलेल्या जखमांतून बुरशीला वाट मिळते. 2018 मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळीही पोंग्याबरोबर कणसाचे नुकसान करते. साठवणीत सोंडकिडा दाणे पोखरतो व धान्यातील ओलावा वाढवतो. अशा मक्यात फ्युमोनिसिन आणि ॲफ्लाटॉक्सिन ही बुरशीजन्य विषे निर्माण होऊ शकतात. चुन्याच्या प्रक्रियेने त्यांचे प्रमाण घटते. तथापि तेवढ्यावर विसंबून किडका माल वापरणे योग्य नव्हे. छिद्रे पडलेले, काळपट, गुलाबी वा पांढरी बुरशी चढलेले आणि फुटके दाणे प्रथम काढून टाकावेत. साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा 12 टक्क्यांपर्यंत आणावा. पेरणीसाठीचे, औषध चोळलेले रंगीत बियाणे धुऊनही खाण्यास कदापि वापरू नये. मधुमका येथे उपयोगाचा नाही. पूर्ण पक्व, वाळलेला मकाच हवा.

कृती

चार जणांसाठी अर्धा किलो मका, 5 ग्रॅम खाद्य प्रतीची कोरडी चुन्याची भुकटी आणि दीड लिटर पाणी घ्यावे. भिंतीला लावण्याचा चुना किंवा कळीचा चुना चालणार नाही. भांडे स्टीलचे असावे, कारण चुना ॲल्युमिनियमला खातो. मंद आचेवर 40 ते 50 मिनिटे शिजवावे; आपल्याकडील टणक दाण्यास थोडा अधिक वेळ लागतो. रात्रभर तसेच झाकून ठेवावे. सकाळी दाणे चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. चुन्याचे पहिले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, ते झाडांच्या मुळाशी ओतू नये.

दाणे पाट्यावर किंवा दगडी ग्राइंडरमध्ये कमीत कमी पाणी घालून वाटावेत. लिंबाएवढे गोळे प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून वीतभर रुंदीहून किंचित लहान पोळ्या कराव्यात आणि तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. कडा चिरत असल्यास पिठाला पाण्याचा हात लावावा. भाकरी थापणाऱ्या हाताला हा अंदाज लगेच येतो. भाजलेल्या पोळ्या कापडात गुंडाळून ठेवल्यास मऊ राहतात.

माशासाठी अर्धा किलो सुरमई, रावस किंवा गोड्या पाण्यातील तिलापियाचे काटे काढलेले तुकडे घ्यावेत. भिजवलेली लाल मिरची, लसूण, मीठ, थोडे तेल आणि लिंबाचा रस यांचे वाटण 15 मिनिटे लावून ठेवावे. लिंबात अधिक वेळ राहिल्यास मासा कोरडा व भुसभुशीत होतो. तेल लावलेल्या जाळीवर, ज्वाळा विझून निखारे फुलल्यावर, बोटभर जाडीचे तुकडे प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटे भाजावेत. मांस अपारदर्शक होऊन काट्याने सहज सुटले की मासा झाला. पोळीवर मासा, बारीक चिरलेली कोबी, कांदा, कोथिंबीर आणि टोमॅटो-मिरचीची चटणी घालून लिंबू पिळावे व गरम असतानाच वाढावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी बचत गटांच्या प्रशिक्षणात हा पदार्थ अवश्य करून दाखवावा. स्वच्छ निवडलेला मका आणि किडका मका शेजारी ठेवून दाखविल्यास कीडनियंत्रणाचा संबंध थेट ताटाशी आहे, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.