यवतमाळचे विद्यागृह

मॅट्रिकच्या परीक्षेला मुले न बसवणारी माध्यमिक शाळा काढायची, म्हणजे पालकांना उघड उघड जुगार खेळायला सांगण्यासारखे होते. 1908च्या सुमारास यवतमाळात तो खेळणारी माणसे निघाली. शाळेचे नाव विद्यागृह, आणि चालक तपस्वी बाबासाहेब परांजपे.

यवतमाळ तेव्हा नुकते मोठे होत होते. 1903 मध्ये मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी आली, 1905 मध्ये जुना वणी जिल्हा वाढवून यवतमाळ जिल्हा झाला. कापूस, कोर्ट, कचेरी. या जगाची किल्ली एकच: इंग्रजी शाळा आणि तिथून मिळणारा मॅट्रिकचा दाखला. टिळक-आगरकरांच्या पिढीने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल चालवले ते खाजगी होते खरे, पण त्याचीही मुले शेवटी विद्यापीठाच्याच परीक्षेला बसत. 1906च्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षण आले आणि हा शेवटचा धागाही तोडायचे ठरले. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय हे त्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. विद्यागृह त्याच वाणाचे.

सरकारनेच अशा शाळांना विद्यार्थी पुरवले, असे म्हटले तरी चालेल. 1907च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर ठेवण्याचे फर्मान काढले. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासणीसाठी आलेल्या इन्स्पेक्टरचे स्वागत पोरांनी ‘वंदे मातरम्’ने केले. पुढे बहुतेकांनी माफी मागून वर्गाची वाट धरली. केशव हेडगेवार या विद्यार्थ्याने मागितली नाही. नाव कटले आणि तो यवतमाळला विद्यागृहात दाखल झाला. याच काळात अमरावतीच्या शाळेतली मास्तरकी सोडून बापूजी अणे वकिलीसाठी यवतमाळात आले होते. टिळकांचा शब्द झेलणारी मंडळी गावात होती, म्हणूनच अशा शाळेला इथे पाय ठेवता आला.

टिकता मात्र आले नाही. 1908 मध्ये टिळक मंडालेला गेले, विजापूरकरांना तुरुंग घडला. समर्थ विद्यालय 1910 मध्ये बंद पडले. विद्यागृहावर सरकारी वरवंटा त्याआधीच फिरला. हेडगेवार पुण्याला गेले आणि शेवटी बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेची परीक्षा त्यांनी दिली. त्या दाखल्यावर परिषदेचे अध्यक्ष रासबिहारी घोष यांची सही होती. गंमत अशी, की सुरतेला ज्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फारकत झाली, तिचे मवाळ अध्यक्ष हेच घोष! सरकारदरबारी त्या कागदाला किंमत नव्हती. तो घेऊन 1910 मध्ये हेडगेवार कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात गेले.

विद्यागृहाचे नाव आज निघते ते या एका विद्यार्थ्यामुळे, कारण तो पुढे संघाचा संस्थापक झाला. मला ते अपुरे वाटते. संघाविषयी कोणाचे काहीही मत असो, एका जिल्ह्याच्या गावाने सरकारच्या शिक्क्याशिवाय माध्यमिक शाळा चालवून पाहिली, ही गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिची मर्यादाही सांगायला हवी. दाखल्याकडे पाठ फिरवणे त्यालाच परवडते, ज्याच्या घरात अक्षरओळख आधीच मुरलेली असते. तांड्यावरच्या, पोडावरच्या मुलाला तो दाखलाच हवा होता. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा घरात 1913 मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक पुढे शिकले ते नागपूरच्या त्याच नील सिटी हायस्कुलात, आणि मुख्यमंत्री झाले.

1930च्या जंगल सत्याग्रहात अण्यांनी पुसदला आणि हेडगेवारांनी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला कायदा मोडला. विद्यागृह तोवर विसरले गेले होते. यशवंत खुशाल देशपांड्यांच्या शारदाश्रमाने याच गावात जुन्या पोथ्या जपल्या. कोणा यवतमाळकराच्या माळ्यावर विद्यागृहाची एखादी वही, पावती किंवा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नये. तिथे नेऊन द्यावा.