गुरांचे औषध आणि गिधाडांचा ऱ्हास

मेलेले जनावर गावाबाहेरच्या माळावर ओढून टाकावे आणि गिधाडांच्या थव्याने घटकाभरात त्याचा फडशा पाडावा, हा क्रम आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. १९९० नंतर तो मोडला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा ९९ हून अधिक घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही जवळजवळ तीच गत झाली. या नाशाचे कारण पर्यावरण-विषशास्त्राने शोधून काढले. हवा, पाणी, माती व अन्न यांच्यावाटे विषारी द्रव्ये सजीवांपर्यंत कशी पोचतात आणि त्यांच्यावर काय परिणाम करतात, याचा अभ्यास करणारे हे शास्त्र होय.

शोध कसा लागला?

प्रारंभी साथीच्या रोगाची शंका घेतली गेली. डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मेलेल्या गिधाडांची शवचिकित्सा केली. तेव्हा अनेक पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली व आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर साचलेला आढळला. रोगजंतू, कीटकनाशके व जड धातू यांची तपासणी झाली, पण कारण सापडेना. मग संशोधकांनी निराळा विचार केला. गिधाडांचे मुख्य अन्न म्हणजे मेलेली गुरे. तेव्हा गुरांना कोणती औषधे दिली जातात, हे पाहणे अगत्याचे ठरले. त्या चौकशीत डायक्लोफेनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध पुढे आले. अशा रीतीने मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत त्याचा अंश मिळाला. अन्य कारणाने मेलेल्यांत तो नव्हता. हे संशोधन जानेवारी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गिधाडे थव्याने जेवतात. त्यामुळे एका दूषित प्रेताने अनेक पक्षी दगावतात. शेकडा एकाहून कमी प्रेतांत हे औषध असले, तरी एवढा नाश घडू शकतो, असे गणिताने दिसून आले. त्यातच गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून झालेली हानी भरून निघण्यास फार काळ लागतो.

माणसाचीही हानी

गिधाडे गेली, प्रेते कुजत राहिली, पाणी दूषित झाले आणि मोकाट कुत्री व त्यांच्याबरोबर पिसाळरोगाचा धोका वाढला. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जेथे पूर्वी गिधाडांची वस्ती होती अशा जिल्ह्यांत माणसांचे मृत्यूप्रमाण शेकडा चाराहून अधिक वाढले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली, तर केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ साली बंदी घातली. पुढे निमेसुलाइडवरही तशीच बंदी आली. मेलॉक्सिकॅम व टोल्फेनॅमिक ॲसिड ही औषधे गिधाडांना निर्धोक ठरली आहेत. म्हणून,

१. माणसांसाठी आणलेले वेदनाशामक औषध जनावरास टोचू नये. पशुवैद्याचा सल्ला घ्यावा व निर्धोक औषध मागावे.

२. दिलेल्या औषधाचे नाव व तारीख लिहून ठेवावी.

३. औषधोपचार चालू असता जनावर मेल्यास ते उघड्यावर न टाकता विहीर व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे.

४. बिबट्या किंवा कुत्री मारण्यासाठी प्रेतावर विष घालू नये. आजारी गिधाड दिसल्यास वन खात्यास तत्काळ कळवावे.

ग्रामसेवकांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

तरुणांना संधी

हे शास्त्र गावातील मुलामुलींनाही खुले आहे. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन आणि ‘नीट’ परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवीस प्रवेश मिळतो. नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, परभणी, उदगीर व शिरवळ येथेही आहेत. पदवीनंतर औषधशास्त्र व विषशास्त्र या विषयात पदव्युत्तर अभ्यास करता येतो. रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या पदवीधरांनाही पुढे हा मार्ग आहे. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था १९६५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, अन्नातील कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळे आणि हरयाणातील पिंजोरसारखी गिधाड-संवर्धन केंद्रे यांना अशा ज्ञानाची गरज असते.

गोठ्यात कोणते औषध दिले जाते, माळावर कोणता पक्षी दिसेनासा झाला, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याचे ते निरीक्षण या शास्त्रात मोलाचे ठरते. डायक्लोफेनॅकचा शोधही अखेर गुरांच्या उपचारांची चौकशी केल्यावरच लागला.