गिरणगावाची घडण : काम, वस्ती आणि रीत

माणूस जे वागतो ते त्याच्या संस्कृतीमुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि एखाद्या समूहाचे वागणे खटकले की ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे म्हणून विषय संपवलाही जातो. समाजशास्त्राला एवढे उत्तर पुरत नाही. संस्कृती म्हणजे एखाद्या समूहाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या रीती, श्रद्धा, कला आणि बऱ्यावाईटाच्या कल्पना. समाजरचना म्हणजे काम, मालकी, जात, नाते आणि सत्ता यांची माणसामाणसांत झालेली वाटणी. आणि वर्तन म्हणजे या दोहोंच्या चौकटीत जगणाऱ्या माणसाचे रोजचे उठणे-बसणे, खाणे-पिणे, देणे-घेणे. यांपैकी कोण कोणाला घडवते हा प्रश्न नुसत्या व्याख्यांच्या आधारे सुटत नाही; एखाद्या ठिकाणचे जगणे तपशिलात तपासूनच तो सोडवावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल, कारण तेथे एक संपूर्ण लोकजीवन सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अवधीत उभे राहिले, बहरले आणि विस्कटले, आणि त्याच्या बहुतेक टप्प्यांची नोंद सापडते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या सात दशकांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास आणि कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडले. येथे आलेला माणूस मुख्यतः तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून असलेल्या दक्षिण कोकणातला होता. त्याच्या खालोखाल सातारा, पुणे अशा घाटावरच्या भागांतून लोक आले. शेताचे लहान तुकडे, कर्ज, आणि वर्षातले काही महिनेच मिळणारे काम यांनी त्यांना बाहेर काढले. मात्र येणारा बहुधा एकटा पुरुष असे. बायको, आईवडील आणि जमीन गावीच राहत आणि दर महिन्याची मनीऑर्डर दोन्ही टोके सांधून ठेवी.

या एकट्या पुरुषाने राहायचे कोठे आणि जेवायचे काय, या दोन साध्या प्रश्नांतून गिरणगावाच्या दोन मोठ्या संस्था जन्मल्या. पहिली संस्था म्हणजे गावकीची खोली. एका गावच्या, अनेकदा एकाच वाडीच्या, लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली ही खोली प्रत्येक सभासदाने वर्गणी भरून चालवायची असे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी एवढीच त्याची हक्काची जागा. दिवसपाळीचा माणूस उठून कामाला गेला की रात्रपाळीचा माणूस त्याच जागेवर अंथरूण टाकी, आणि उरलेले गॅलरीत, जिन्याखाली किंवा फुटपाथवर झोपत. नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत भाडे माफ असे, आजारी पडलेल्याला गावी पोचवण्याचा खर्च खोलीच्या शिल्लकीतून होई, आणि दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याचा निवाडाही खोलीतल्या जाणत्यांसमोरच होई. विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधलेल्या दोनशे सात बीडीडी चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची होती, हे लक्षात घेतले की या नियमांची निकड उमगते. इतक्या दाटीत शिस्त नसती तर एक रात्रही निभली नसती.

दुसरी संस्था म्हणजे खानावळ. ज्या थोड्या कामगारांची कुटुंबे मुंबईत होती, त्यांच्या घरातील बाई किंवा एखादी विधवा दहा-वीस जणांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घाली. कोकण्याला भात आणि माशांची आमटी लागे, घाटावरच्याला भाकरी. त्यामुळे खानावळीही गावानुसार आणि जातीनुसार विभागल्या गेल्या. पगार होईपर्यंत जेवण उधारीवर असल्याने कामगाराच्या खऱ्या आर्थिक स्थितीची खबर मालकाच्या आधी खानावळवालीला लागे, आणि संप झाला की त्याचा पहिला भार तिच्या चुलीवर पडे. गिरणी कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे ठळक आहेत, परंतु महिनोन्‌महिने उधारीवर ताट वाढणाऱ्या या बायकांशिवाय एकही दीर्घ संप टिकला नसता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्याचा आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, तोवर या श्रमाला काम म्हणून कोणी मोजलेच नव्हते.

गावकीची खोली पाहून अनेक निरीक्षकांनी असा निष्कर्ष काढला की मुंबईचा कामगार हा मुळात शेतकरीच असून तो गावाची संस्कृती जशीच्या तशी शहरात घेऊन आला आहे. इंग्रज सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते टिकवावे अशीच भूमिका घेतली. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या समजाला मूलभूत आक्षेप घेतला. त्यांचे प्रतिपादन असे की गाव, जात आणि नाते यांचे शहरातले बंध हे जुने अवशेष नव्हते, तर अस्थिर रोजगारातून आणि शहरी वस्तीच्या गरजांतून ते नव्याने घट्ट झाले. हे प्रतिपादन पटते. गिरणीत रोज सकाळी दारावर उभे राहून काम मिळते का ते पाहणारा ‘बदली’ कामगार जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. जॉबर म्हणजे माणसे भरती करणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा आणि गरजेला कर्ज देणाराही मुकादम. अशा वेळी ओळख देणारा, जामीन राहणारा माणूस गावचाच असणे ही भावनेपेक्षा व्यवहाराची बाब होती. गावी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भाऊबंद परळच्या खोलीत एका चुलीवर आले, ते गावाच्या संस्कारामुळे आले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शहरात घट्ट झालेल्या या बंधाने शहराचे राजकारण घडवले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात आणि पुढेही, पगार बंद झाला की हजारो कामगार गावी गेले आणि शेतीच्या तुटपुंज्या आधारावर तग धरून राहिले. ज्या ग्रामसंबंधाला मागासलेपणाची खूण मानले गेले, त्यानेच मालकांशी दीर्घकाळ झुंजण्याचे बळ दिले. त्याच वाटेने वर्तमानपत्र, सभेतले भाषण आणि नवी राजकीय भाषा कोकणातल्या वाड्यांपर्यंत पोचली. शिमग्याला आणि गणपतीला येणारा चाकरमानी पैसे तर आणीच, शिवाय गावच्या शाळेसाठी आणि देवळासाठी वर्गणी गोळा करणारे मुंबईचे ग्रामस्थ मंडळही तोच चालवी.

वेळेच्या जाणिवेतही असाच बदल झाला. इंग्रज इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात, कारखान्याने माणसाची वेळ कामाच्या स्वरूपावरून मोजण्याऐवजी घड्याळावरून मोजायला कसे शिकवले, हे इंग्लंडच्या संदर्भात दाखवले आहे. गिरणगावात हे काम भोंग्याने केले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताने पडणारी मर्यादाही सुटली. परंतु कामगारांनी ही नवी वेळ मुकाट्याने स्वीकारली नाही. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली; रविवार हा खंडोबाचा वार आहे, असा आधारही या मागणीमागे दिला गेल्याचे सांगितले जाते. आज सरकारी वाटणाऱ्या या सुट्टीमागे कामगारांची लढाई आहे, याचा विसर पडता कामा नये.

या लोकजीवनाचे गोडवे गाताना त्यातील सर्वांत कठोर भिंत मात्र अनेकदा नजरेआड केली जाते. विणकाम खात्यात मागावर काम करताना धोट्यातली (शटलमधली) सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या बारीक छिद्राला तोंड लावून, श्वास आत ओढून, सुताचे टोक बाहेर काढी. दुसऱ्या पाळीचा विणकरही त्याच धोट्याला तोंड लावी. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती आणि तेथे ती कामगारांच्या आरोग्याला घातक म्हणून वादाचा विषय झाली. मुंबईत त्याच यंत्राच्या त्याच क्रियेला जातीचा अर्थ चिकटला : अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण कसा ओढायचा, असे म्हणून सवर्ण विणकरांनी दलितांना या खात्यात येऊ दिले नाही. विणकाम हे गिरणीतले अधिक पगाराचे काम होते, त्यामुळे विटाळाच्या कल्पनेचे रूपांतर थेट मजुरीतल्या तफावतीत झाले, आणि कमी मजुरीने पुन्हा वस्ती, शिक्षण आणि पत यांतली दरी कायम ठेवली. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. वर्गाची एकजूट मागणाऱ्यांनी आधी धोट्यावरचा विटाळ संपवावा, ही अपेक्षा पूर्णपणे न्याय्य होती, आणि ती वेळेवर पुरी न केल्याची किंमत कामगार चळवळीने पुढे अनेक वर्षे मोजली. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतून जी आंबेडकरी जाणीव घडली, तिची मुळे या अनुभवात आहेत. १९७४ च्या वरळीतील दलित-सवर्ण दंगलीने जातीची ती भिंत तेव्हाही उभी असल्याचे दाखवून दिले.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडले. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. रात्रपाळीवरील बंदी, १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्याने मालकांवर आलेला खर्च आणि यंत्रसुधारणा यांच्या एकत्रित परिणामाने त्यांची संख्या घटत गेली. संरक्षणासाठी केलेले कायदे मालकांनी वगळण्याची सबब म्हणून वापरले, आणि कुटुंबाला पोसेल असा पगार पुरुषालाच हवा हा विचार कामगार संघटनांनीही मान्य केला. ‘बाईने घर सांभाळावे’ ही परंपरा म्हणून सांगितली जाणारी गोष्ट गिरणगावात अशा रीतीने विसाव्या शतकात पक्की झाली.

वियोग, दाटी आणि संघर्ष यांनी गिरणगावाला स्वतःची कलाही दिली. कोकणचे नमन-खेळे, जाखडी, दशावतार आणि घाटावरचा तमाशा एका वस्तीत आले, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा गल्लोगल्ली उभ्या राहिल्या, आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणीत काम करणारे लोक रंगमंचावर उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लालबावटा कलापथकाने तमाशातून लोकनाट्य घडवले : गण राहिला, पण गवळणीच्या जागी सावकार, मालक आणि पुढारी आले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड या दृष्टीने अजोड आहे. बायको गावी ठेवून आलेल्या पुरुषाचा विरह हे गिरणगावातले रोजचे वास्तव होते. शाहिराने तो विरह लावणीच्या परंपरेतून उचलला आणि संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या वेदनेशी जोडला. वर्तनातून गीत, गीतातून राजकीय भावना आणि त्या भावनेतून लाखोंचे मोर्चे, असा हा प्रवास एकाच कलाकृतीत दिसतो. नारायण सुर्वे यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या १९६२ च्या संग्रहातून कामगाराला मराठी कवितेचा नायक केले, तेही याच मातीतून.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवून त्यांतील दोन शहरासाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठेवले होते, पण २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. भोंग्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकाने या मोडतोडीत सापडलेले एक घर रंगभूमीवर आणले.

रोजगार गेल्यावर संस्कृतीचे कोणते अंग टिकले आणि कोणते गेले, याचे उत्तर या सगळ्या चर्चेत सर्वाधिक बोलके आहे. पगारावर आणि पाळीवर उभ्या असलेल्या रीती लवकर गेल्या : खानावळी ओस पडल्या, गावकीच्या खोल्या विकल्या गेल्या, कलापथके आणि कामगार नाटकांचा प्रेक्षक पांगला. सण मात्र वाढले. चिंचपोकळीचा गणपती १९२० पासूनचा. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ मध्ये, बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून कोळी आणि व्यापाऱ्यांनी बोललेल्या नवसातून झाली. वर्गणीवर चालणारे हे उत्सव आता प्रायोजक, जाहिरात आणि राजकीय पक्ष यांच्या बळावर कितीतरी मोठे झाले आहेत. रिकाम्या हातांच्या तरुणाला मंडळाने काम, ओळख आणि संरक्षण दिले हे खरे. पण पूर्वी तीच मंडळाची शक्ती संपाच्या धान्यवाटपालाही कामी येई, ती आता येत नाही. नाव आणि मूर्ती तीच राहूनही त्यामागची समाजरचना बदलली की रीतीचा अर्थ बदलतो. ‘आमची संस्कृती टिकली आहे’ असे उत्सवांच्या आकारावरून म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास आता सुरू आहे आणि संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. गावकीच्या खोल्यांचे हिशेब, ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते, खानावळींच्या उधारीच्या वह्या आणि कलापथकांची हस्तलिखिते आजही अनेक घरांत माळ्यावर किंवा गावच्या पेटीत पडून आहेत. घर बदलताना त्या रद्दीत जाऊ नयेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन कराव्यात, आणि घरात त्या काळचे कोणी असेल तर त्यांचे बोलणे नोंदवून ठेवावे.