नवा पीसी घेताय? आधी फॉन्ट उचला!

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि भिंगारमध्ये आमच्या घरी नवा पीसी आला. मी हौसेने जुन्या पीसीतलं ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरच उचलून त्यात टाकलं. बहुतेक प्रोग्राम उघडेचनात! त्यांच्या नोंदी रजिस्ट्रीत असतात, त्यामुळे ते नव्याने इन्स्टॉल करावे लागतात. कॉपी होतो तो फक्त डेटा.

खरी गंमत मराठी फायलींची. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी लग्नपत्रिका उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल शाबूत होती, फॉन्ट नव्हता. म्हणून ‘विंडोज’मधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घ्या. श्रीलिपी सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचं डाँगल (लायसन्सची किल्ली) जुन्या डब्याच्या पाठीमागे राहायला नको.

आणि जुनी हार्ड डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.