चोरावर मोर

सप्टेंबर २००९. शिकागोत एका साठ वर्षांच्या जनुकशास्त्रज्ञाला ताप आला. अंग मोडून आले, खोकला सुरू झाला. जगभर स्वाइन फ्लू धुमाकूळ घालत होता, त्यामुळे हाही फ्लूच वाटावा यात नवल नव्हते. १३ तारखेला त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात आणले आणि त्याच दिवशी तो गेला. रक्ताच्या नमुन्यात वाढलेला जिवाणू पाहून मात्र सगळे चक्रावले. तो प्लेगचा होता.

शिकागोत प्लेग आला कुठून? उत्तर त्याच्या कामाच्या टेबलावरच होते. तो अभ्यास करत होता यर्सिनिया पेस्टिसच्या, म्हणजे प्लेगच्याच जिवाणूच्या, एका दुबळ्या वाणाचा. हा वाण निरुपद्रवी मानला जाई. ज्या जनुकांच्या जोरावर प्लेगचा जिवाणू शरीरातले लोह ओरबाडतो, त्यांचा मोठा तुकडाच त्याच्यात नव्हता. लोह नाही तर वाढ नाही, आणि वाढ नाही तर रोग नाही. शवविच्छेदनात उलगडा झाला. त्या शास्त्रज्ञाला हिमोक्रोमॅटोसिस होता, आणि त्याची त्याला कल्पना नव्हती. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या या आनुवंशिक विकारात शरीर अन्नातले लोह गरजेपेक्षा जास्त शोषते आणि यकृतात साठवत राहते. त्याला मधुमेहही होता. तरी तपास करणाऱ्यांचा कल लोहाकडेच झुकला. चोराला कुलूप फोडता येत नव्हते हे खरे, पण या घराला कुलूपच नव्हते.

हे अगदीच अनपेक्षित होते असेही नाही. इंग्लंडमधल्या पोर्टन इथे जॅक्सन आणि बरोज यांनी १९५६ साली अशाच दुबळ्या वाणांची लागण उंदरांना केली होती. उंदीर ठणठणीत राहिले. मग लागणीबरोबर लोहाचे इंजेक्शन दिले, तर उंदीर मेले. मादागास्करमध्ये ज्या ‘ईव्ही’ वाणाची जिवंत प्लेग लस लाखो लोकांना टोचली गेली, त्या वाणाचा दुबळेपणाही याच जातीचा.

मुळात शरीरात लोहाचा तुटवडा नाही. प्रौढ माणसात तीन-चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाददुसऱ्या खिळ्याइतके. पण ते मोकळे फिरत नाही. दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेले, बरेचसे फेरिटिनच्या कोठारात. रक्तातून वाहून नेले जाते ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या पाठीवर. ट्रान्सफेरिनच्या प्रत्येक रेणूवर लोहासाठी दोन जागा असतात आणि निरोगी माणसात एकूण जागांपैकी तिसरा हिस्साच भरलेला असतो. बाकीच्या जागा रिकाम्या का? कुठे चुकार लोह सुटलेच तर झडप घालायला. या बंदोबस्तामुळे रक्तद्रवात मोकळ्या फेरिक लोहाचे प्रमाण इतके खाली जाते की हिशेब मांडला तर दीड-दोन लिटरमागे एक आयन निघतो. उलट एका जिवाणूचे दोन होताना लोहाचे लाखभर तरी अणू लागतात.

या बंदोबस्ताचा पहिला स्पष्ट पुरावा मिळाला अंड्यात. आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन यांनी १९४४ साली दाखवले की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात जिवाणू वाढत नाहीत. नाना प्रकारची पोषकद्रव्ये घालून पाहिली, उपयोग शून्य. लोह घातले आणि जिवाणू फोफावले. दोनच वर्षांनी त्यांनी माणसाच्या रक्तातही असाच लोह धरून ठेवणारा घटक दाखवला. तेच आजचे ट्रान्सफेरिन. कोंबडीच्या पिलाभोवती तीन आठवडे ही उपासमारीची तटबंदी असते. अंडी धुण्याच्या पाण्यात लोह जास्त असेल तर ती लवकर नासतात, म्हणून अमेरिकेत त्या पाण्यातल्या लोहावरही मर्यादा आहे. आईच्या दुधात, विशेषतः पहिल्या चिकात, हेच काम लॅक्टोफेरिन करते. गाईच्या चिकातही ते असते. खरवस उकडताना आपण त्याचे बळ घालवून बसतो, पण खरवस काही कुणी जंतूंसाठी खात नाही.

आता चोराची बाजू. इंग्लंडमध्ये १९१२ साली ट्वॉर्ट आणि इन्ग्रॅम गुरांच्या आतड्याच्या एका चिवट रोगाचा जंतू वाढवू पाहत होते. तो प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. क्षयजंतूच्याच गोतातल्या दुसऱ्या, मेलेल्या जंतूंचा अर्क घातला आणि हा वाढू लागला. त्या अर्कातला पदार्थ १९४९ साली शुद्ध स्वरूपात हाती आला. त्याचे नाव मायकोबॅक्टिन. जंतू स्वतः बनवतात आणि ज्याने लोह पकडून आणतात, अशा रेणूंना पुढे ‘सायडरोफोर’ म्हणू लागले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ लोहवाहक. यातला सर्वांत जबरदस्त म्हणजे एंटरोबॅक्टिन. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांना तो १९७० साली वेगवेगळा सापडला. त्याची लोहावरची पकड मांडायची तर एकावर एकोणपन्नास शून्ये द्यावी लागतात. ट्रान्सफेरिनची पकड त्यापुढे लुळी.

बर्कलीचे नीलँड्स हे या विषयाचे एक आद्य अभ्यासक. त्यांनी आणि श्विन यांनी १९८७ साली एक सुटसुटीत चाचणी दिली. निळ्या रंगाच्या अगरवर जिवाणू टिपायचा. त्याने सायडरोफोर सोडला की तो रंगद्रव्यातले लोह हिसकावतो आणि वसाहतीभोवती नारिंगी कडे उमटते. चोरी डोळ्यांना दिसते ती अशी. आपल्याकडेही सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी मातीतले जिवाणू या निळ्या बशीवर तपासतात. जळगावच्या विद्यापीठातले प्रा. चिंचोलकर यांनी अजित वर्मा यांच्यासह सायडरोफोरवर संपादित केलेला ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला.

एंटरोबॅक्टिनवर शरीराने काढलेला तोडगा २००२ साली उघड झाला. पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचे प्रथिन सोडतात. त्याच्या खोबणीत लोहाने भरलेला एंटरोबॅक्टिन नेमका बसतो. चोर बाहेर माल उचलतो आणि घरी पोचण्याआधीच तो लुटला जातो. पण गोष्ट इथे थांबत नाही. टायफॉईडच्या साल्मोनेलाने एंटरोबॅक्टिनला ग्लुकोजचे दोन रेणू चिकटवले. लोहाची पकड तीच, फक्त आकार असा फुगला की खोबणीत शिरेना. याला चोरावर मोर म्हणायचे की मोरावर चोर, ते वाचकांनी ठरवावे.

सगळेच इतके कष्ट घेत नाहीत. मेनिंजायटिसचा आणि परम्याचा नायसेरिया सायडरोफोर बनवण्याच्या भानगडीतच पडत नाही. तो सरळ आपल्या ट्रान्सफेरिनला धरून त्याचा खिसा कापतो, तोही फक्त माणसाच्या ट्रान्सफेरिनचा. स्टॅफिलोकॉकस तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिन लुटतो. घटसर्पाच्या जंतूचे विष तर लोह कमी पडले की तयार होते. पॅपनहायमर यांनी १९३६ साली हे दाखवले, आणि लशीसाठी विष मुबलक हवे असेल तर आधी द्रवातले लोह काढावे लागते हे कळले. लाइम रोगाच्या बोरेलियाने तर कमाल केली. त्याने लोहाचा नादच सोडला आणि मँगेनीजवर भागवले.

ताप आला की आपले रक्तातले लोह झपाट्याने घटते. हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि आतड्यातून व कोठारांतून लोह बाहेर पडण्याची दारे बंद होतात. यूजीन वाइनबर्ग यांनी १९७५ साली या कोंडीला ‘पोषणजन्य प्रतिकार’ असे नाव दिले. डॉक्टरांना तिची चाहूल आधीच लागली होती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे त्रुसो फिकट पडलेल्या तरुणींना लोह देताना दबलेला क्षय उफाळण्याचा धोका सांगत. सोमालियातल्या लोहाची कमतरता असलेल्या १३७ भटक्या लोकांवरचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. लोह न दिलेल्या गटात संसर्गाचे ७ प्रसंग, दिलेल्यात ३६. त्यांत मलेरिया होता, क्षयही होता. टांझानियातल्या पेंबा बेटावर मलेरियाच्या छायेतल्या लहान मुलांना लोह देण्याची मोठी चाचणी घेतली गेली. गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसल्याने लोह असलेल्या गोळ्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या. तो अहवाल २००६ चा.

हे वाचून कुणी घरातल्या लोहाच्या गोळ्या फेकून देऊ नयेत. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९–२१), तिथे तो अघोरीपणा होईल. प्रश्न वेळेचा आहे. अंगात ताप मुरलेला असताना दिलेले लोह आणि तो उतरल्यावर दिलेले लोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते सरसकट वाटपाच्या योजनांत हा फरक सर्वांत आधी हरवतो.

लोहाच्या या भुकेचाच फायदा घेणारे औषध जपानच्या शिओनोगी कंपनीने बनवले. त्याचे नाव सेफिडेरोकोल, आणि अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. प्रतिजैविकाला सायडरोफोरसारखी शेपटी जोडलेली आहे. ती लोह पकडते, जिवाणू ते आमिष समजून स्वतःच्या हाताने आत ओढतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर ते चालते. प्रतिकारही आलाच. काही जिवाणूंनी ज्या दारातून हे औषध आत येते ते दारच बुजवले आहे. एका साध्या इ. कोलायच्या बाह्यपटलाला लोहासाठी अशी सहा दारे असतात. औषधाला आत घेतात ती प्रामुख्याने त्यांतली दोन.