ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट

वऱ्हाडात, अमरावती-यवतमाळच्या बाजूला, वरातीपुढच्या बँडने ‘अलबेला’तली चाल धरली की कडक शिस्तीचे मामासुद्धा हळूच खांदे उडवू लागत. त्यात नवल कसले? त्या चालीवर पडद्यावर नाचणारे भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, जन्माने अमरावतीचेच. ‘अलबेला’ आला 1951 साली. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, त्यांच्या गाण्याचे काही धडे नागपुरात झालेले. सारा मामला असा घरचाच! पण मग त्या गाण्यांत बोंगो आणि ट्रम्पेट कुठून आले?

ते आले गोव्याहून, ताजमहाल हॉटेलमार्गे. हळदोणे गावचे आंतोनियो झेव्हियर वाझ (जन्म 1916) मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या मजेदार नावाने गाजले. न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँगचे वाजवणे आणि घोगरा गळा त्यांनी असा आत्मसात केला होता, की लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. 1935 साली लिऑन ॲबी हे अमेरिकन निग्रो वादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये आले, तेव्हापासून मुंबईच्या साहेबी वर्तुळाला जाझची गोडी लागली होती. त्या खुर्च्यांवर पुढे गोव्याची मंडळी बसली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच युरोपीय स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे समोर कागद ठेवला की वॉल्ट्झ असो वा रुंबा, ही मंडळी तो वाजवून मोकळी!

आता या रुंब्याची गंमत पाहा. आपला केरवा आठ मात्रांचा, चार-चारांचे सरळ दोन भाग. क्यूबाकडची चालही पुष्कळदा आठांचीच. पण ती तोडतात तीन, तीन आणि दोन अशी. मांडीवर ठोकून पाहा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. प्रत्येक ‘एक’वर जोर द्या. हिशेब तोच, लचक निराळी. म्हणूनच ती आपल्या कानांना परकी वाटली नाही. ‘अलबेला’च्या आदल्या वर्षी, ‘समाधी’त, सी. रामचंद्रांनी कार्मेन मिरांडाच्या 1945 च्या ‘डॉल फेस’मधली एक चाल जवळजवळ उचललीच होती. उसनवारी खरीच, पण ज्याने ‘अनारकली’चे संगीत दिले त्याला उसनवारीवाचून चालत नव्हते असे कोण म्हणेल?

1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या नृत्यरात्री ओसरू लागल्या. वादकांचा ओढा स्टुडिओंकडे आधीपासून होता, तो वाढला. संगीतकाराने हार्मोनियमवर चाल सांगावी. गोव्याच्या साहाय्यकाने ती स्वरलिपीत उतरवून, क्लॅरिनेटने कुठे शिरायचे, सॅक्सोफोनने कुठे थांबायचे हे ठरवून प्रत्येकापुढे कागद मांडावा. गाण्याचा अर्धा रंग इथेच ठरे. नाव मात्र तबकडीवर यायचे नाही. चित्रपटाच्या नामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून आलेच तर नशीब. हे मला आजही खटकते. नाक्यावरच्या टपरीवर चहावाल्याचे नाव असते, मग ट्रम्पेटवाल्यानेच काय घोडे मारले?

1952 साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना असले संगीत मुळीच रुचत नसे. आकाशवाणीवरून चित्रगीते हटली. पण घराघरांतल्या रेडिओचा काटा सरकला तो सिलोनकडे! शेवटी 1957 साली ‘विविध भारती’ काढणे सरकारला भाग पडले.

चिक 1967 साली गेले. भगवानांचा बंगला, मोटारी सगळे गेले. 2002 मध्ये ते वारले तेव्हा दादरच्या चाळीतल्या खोलीत राहत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तेवढे 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तून घरोघर पोचले, त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालांनी गुरूला दिलेली ती दक्षिणा होती. पण हा खराखुरा माणूस आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक होते?

सुट्टीत घरच्या मंडळींनी ‘अलबेला’ लावलाच, तर भगवान आणि गीता बाली यांच्यावरून नजर जरा बाजूला न्या. ट्रम्पेट ओठांना लावून आपल्या ताफ्यासह चिक चॉकलेट तिथे पडद्यावर आहेत.