परळच्या पदपथावरील प्रश्न

परळच्या टाटा रुग्णालयासमोर पदपथावर पथाऱ्या पसरून राहिलेली रुग्णांची कुटुंबे मुंबईकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, तेथून जाताना कोणाचे पाऊल अडखळत नाही. त्यांना विमा नाही, असेही आता म्हणता येणार नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून ५ लाखांवर नेण्याचा व ती सर्व कुटुंबांस खुली करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ साली घेतला. त्याबद्दल सरकारला धन्यवाद द्यावयास आमची मुळीच हरकत नाही.

परंतु विमा जागा होतो, तो रुग्ण खाटेवर पडल्यावर! गाठ कर्करोगाची आहे हे ठरेपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च बहुधा रुग्णाच्याच पदरी येतो. शेतमजूर बाई पीक निघेपर्यंत थांबते, आणि तेवढ्या अवधीत बरा होणारा रोग हाताबाहेर जातो. २०२५ च्या सप्टेंबरात व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर उठला, तो हप्ता भरू शकणाऱ्यांसाठी. या बाईला त्याचे काय?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत कर्करोगाचे दिवसा उपचार करणारे केंद्र उघडण्याचे, त्यांपैकी २०० पहिल्याच वर्षी, असे वचन केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात आहे. महाराष्ट्राच्या वाट्याची केंद्रे कोठे उघडली, तेथे औषधे व डॉक्टर आहेत काय, याचा जिल्हावार हिशेब सरकारने विधिमंडळापुढे ठेवावा. आणि निदानाचा खर्च योजनेत घालण्याचा निर्णयही त्याच अधिवेशनात व्हावा.